उशाशी उघडा पत्रा

२४ ऑगस्ट

गाडी आज गोंदियाजवळच्या गोरेगावच्या घरी अंगणात लागली. सतरा आसनांची ट्रॅव्हलर. नागझिऱ्याच्या गेटजवळच्या एका रिसॉर्टने पर्यटक वाहून वाहून ती जुनी केली आणि विकली. एका खिडकीवर वाघाचे स्टिकर आहे, तोंडापासून अर्धे सोललेले. चेसिस चांगली आहे, गंज फक्त पायरीला. मागच्या दाराची बिजागरे बदलावी लागतील.

आईने गाडीभोवती एक फेरी मारली. मग बोनेटवर तळहात टेकवून उभी राहिली आणि विचारले, "चालू आहे ना?" इंजिन चालूच होते, आणि डिझेलचे इंजिन काही लपून चालत नाही. पण तिला गाड्यांतले कळत नाही. मी मान हलवली.

कामाच्या नोंदींची वही वेगळी आहे. तिच्यात जे बसत नाही तेवढेच इथे.

आई, म्हणजे रुख्माबाई, झाडीपट्टीच्या नाटकांत काम करते. भाऊबीजेच्या मंडईपासून, म्हणजे गावजत्रेपासून, होळीपर्यंत रोज नवे गाव, धान कापलेल्या बांधीत मंच, रात्रभर नाटक. मी पाळण्यात होते तेव्हापासून हेच. बाबा गेले त्या वर्षीही हेच. यंदा मात्र ती उन्हाळ्यातच म्हणाली, "गाडी असन तं हंगाम आहे. नसन तं नाई." कंपनीचे मालक चुन्नीलालशेठ नवे दिवे आणि मोठा जनरेटर आणत आहेत. जनरेटर दोनचाकी ट्रॉलीवर आहे आणि ट्रॉली ओढायला त्यांच्याकडे गाडी नाही. आमच्या गाडीने ती ओढायची. आत आईने आणि आणखी तीन नट्यांनी झोपायचे. गाडी मी चालवायची.

गाडीशिवाय हंगाम का नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, "वय झालं. बसल्या बसल्या झोप होत नाई." कारण पुरेसे आहे. नाटकाशिवाय आई कशी असते ते मी पाहिलेले नाही आणि पाहायची इच्छा नाही.

माझ्याबद्दल: पुण्यात मी बसच्या बॉडीतला आवाज आणि थरथर कमी करण्याचे काम करत होते. तो विभाग बंद झाला. त्याविषयी इथे लिहिणार नाही.

३ सप्टेंबर

दिवसभर गोंदियात, दुर्गाप्रसादच्या वर्कशॉपमध्ये. आसने काढली. खालून निघालेल्या वस्तू: लहान मुलाची एक चप्पल, दुर्बिणीचे झाकण, खूप धूळ.

"दीदी, हुक ऐसा लगा दूँगा कि रेल का डिब्बा खींच लो."

मी सांगितले की डबा नाही, ट्रॉली ओढायची आहे, आणि हुक बंपरला नको. चेसिसच्या दोन्ही दांड्यांना प्लेट बोल्ट करून त्यावर.

"बंपर में क्या खराबी है? सबका तो वहीं लगता है."

"सबका निकलता भी होगा."

तो हसला आणि प्लेट कापायला बसला. काम चांगले करतो, पण बोलतो फार.

हुकाच्या दोन्ही बाजूंना साखळ्या लावल्या, खालून एकमेकींना छेदून जाणाऱ्या. हुक सुटलाच तर ट्रॉलीचा दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांवर पडेल. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक, मागे दिवे, उभी असताना चाकांखाली ओंडके. दुर्गाप्रसाद म्हणाला, "इतना डर किस बात का?" भीतीचा प्रश्न नाही. एखादी गोष्ट चालवायची असेल तर ती थांबेल कशी हे आधी ठरवायचे असते. मला शिकवलेली ही पहिली गोष्ट.

१४ सप्टेंबर

पत्र्यांना आतून डॅम्पिंग शीट चिकटवतो आहोत. काळी, जड, डांबरी चादर. ती पत्र्याची थरथर खाते. तिच्यावर फोम, फोमवर प्लाय. पाऊस थांबून थांबून येतो, त्यामुळे पत्रा आधी हेअर ड्रायरने कोरडा करावा लागतो.

आई तिच्या बर्थच्या जागी येऊन बसली. उशाकडच्या पत्र्यावर हात फिरवला. "अठी नोको लावू."

"का?"

"थंड पत्रा बरा वाटते हाताले."

मी समजावले की एक पत्रा उघडा राहिला तर तो ढोलकीच्या चामड्यासारखा वागतो, बाकीच्या कामाची किंमत जाते. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू तोंड उघडून बोलत जा जरा. ओठ शिवल्यावानी बोलतेस." हे मी लहानपणापासून ऐकते आहे, फक्त अलीकडे ती रोज म्हणते. मी जशी आहे तशी आहे.

ती बाजाराला गेल्यावर तिच्या उशाकडेही शीट लावली. कडा रोलरने दाबल्या. बाहेरून बोटाने वाजवले तर टणकारा येत नाही, लाकडासारखा आवाज येतो.

संध्याकाळी तिने जागा चाचपली. मग हात काढून घेतला.

२६ सप्टेंबर

चार बर्थ बसले. गाद्या उद्या. आईच्या मागण्या: तिच्या बर्थसमोर आरसा हवा, पण मेकअपला सोयीचा नव्हे, पडल्या पडल्या दार दिसेल असा. आणि दाराशी आतून एक पांढरा दिवा, येणाऱ्याच्या तोंडावर पडेल असा.

"लोकांच्या डोळ्यांत जाईल."

"जाऊ दे. कोन येते ते दिसलं पायजे."

नट्यांना आरशांचे वेड असते. दोन्ही करून दिले. वायरिंग माझे स्वतःचे आहे.

आज पुन्हा वरण लागले. कुकर शिट्या देत होता आणि ती शेजारीच पाटावर नाटकाचे बाड घेऊन बसली होती. या आठवड्यात दुसऱ्यांदा. संहितेत इतकी गुंगते की भान राहत नाही. अंगणातून मी धावत जाऊन गॅस बंद केला तेव्हा तिने आधी मला पाहिले आणि मग कुकरला.

५ ऑक्टोबर

आवाजाची पहिली चाचणी. चुन्नीलालशेठनी ट्रॉली पाठवून दिली. जनरेटर गाडीमागे जोडून पूर्ण भारावर चालवला. बाहेर मीटरचा आकडा नव्वद डेसिबलच्या पुढे. दार लावून आत पासष्टच्या आसपास. ही संख्या मी पुण्यातही कोणाला अभिमानाने दाखवली असती.

पण मीटर म्हणजे माणूस नव्हे. आईला तिच्या बर्थवर पडायला सांगितले. थोड्या वेळाने दार उघडून विचारले, त्रास होतो का?

"कशाचा?"

"जनरेटरचा."

"अजिबात नाई. गाडी आहे का देऊळ!"

कामाच्या वहीत लिहिले: श्रोत्याचा अभिप्राय, शून्य तक्रार. बऱ्याच महिन्यांनी मला बरे वाटले. हे इथे लिहून ठेवते, कारण तिथे लिहायला रकाना नाही.

१२ ऑक्टोबर

उदारामकाका आले होते. ते कंपनीचे प्रॉम्प्टर. झाडीपट्टीत तालमी थोड्या आणि नाटके पुष्कळ, त्यामुळे विंगेत उभ्या प्रॉम्प्टरच्या तोंडचे वाक्य उचलायचे आणि प्रेक्षकांत टाकायचे, असेच सगळे नट करतात. आई यंदा तसे करत नाही. ती पूर्ण नाटक पाठ करते आहे. स्वतःचे काम तर आहेच, पण बाकीच्यांचीही वाक्ये, आत यायच्या-जायच्या जागांसकट.

उदारामकाका म्हणाले, "बाई, माह्या पोटावर पाय देतेस का? तूच सारं पाठ करून राहिली तं मी विंगेत कायले उभा राहू? मच्छर माराले?"

आम्ही दोघे हसलो. आई आमच्याकडे पाहून हसली.

काकांनी मिशी काढली आहे. म्हणजे दोन वर्षांपूर्वीच काढली म्हणे, मी आत्ता पाहते आहे. त्या मिशीशिवाय ते अनोळखी वाटतात. मी कारण विचारले तर म्हणाले, "गरम होते."

२४ ऑक्टोबर

हंगाम सुरू झाला. काल भाऊबीज, आणि पहिला प्रयोग आमच्या तालुक्यातच. ट्रॉली सरळ मागे आली, वळणावर डुलली नाही. सडक अर्जुनीकडच्या एका गावात वाट चुकलेल्या बैलगाडीमुळे जोरात ब्रेक लावावा लागला, तरी हुकाला ओरखडा नाही.

मी नाटक पाहत नाही. गाडीपाशी असते. सकाळी टीना म्हणाली की मावशीने रडवले सगळ्यांना. टीना नवीन आहे, सुनेचे काम करते, बर्थ आईच्या वरचा. दार कधीही नीट लावत नाही. तिला दोनदा सांगितले.

९ नोव्हेंबर

दुपारी नव्या दिव्यांची चाचणी होती, म्हणून जनरेटर चालू. जमीन ओली होती, ट्रॉली गाडीपासून सोडली नव्हती. मी मंचाच्या मागे वायर तपासत होते. परत आले तर गाडीचे मागचे दार सताड उघडे, ट्रॉलीच्या तोंडाशीच. टीना कुठेतरी गेली होती.

आत चढले. माझाच पाय पायरीवर आपटल्याचा आवाज मला आला नाही, इतका गोंगाट. मीटर काढले. सवय आहे. बाहेर आणि आत जवळजवळ एकच आकडा.

आई झोपली होती. शांत, तोंड किंचित उघडे. एक तळहात उशाकडच्या प्लायवर सपाट टेकलेला.

मी दार लावले. खाली उतरून ट्रॉलीच्या दांड्यावर बसले. कामाच्या वहीत ५ ऑक्टोबरच्या नोंदीपुढे लिहिले: चाचणी अग्राह्य.

मग आरसा आठवला, दिवा आठवला, कुकर. बोनेटवरचा हात. आवाज मोजणे हा माझा धंदा आहे.

१० नोव्हेंबर

सकाळी तिच्या पाठीमागे उभी राहून नेहमीच्या आवाजात "आई" म्हटले. ती केस विंचरत होती. आरशात मी दिसले तेव्हा फणी थांबली.

"केली का परीक्षा?" ती म्हणाली.

"केव्हापासून?"

"डावा कान चार हंगामांपासून. उजवा मागून, हळूहळू. आयुष्य गेलं भोंग्याखाली, मंग का होईन?"

"मला का नाही सांगितलेस?"

"तू सांगतेस का कधी काही?"

मग बाकीचे तिनेच सांगितले.

उदारामकाकांना पहिल्यापासून माहीत होते. ती विंगेकडे बघून त्यांच्या ओठांवरून वाक्य उचलायची, म्हणून मिशी गेली. दोन हंगाम असे निभावले. यंदा चुन्नीलालशेठनी नवे दिवे आणले आणि मंचावरून विंग म्हणजे नुसता काळोख झाला. ते दिवे ज्या जनरेटरवर चालतात तो आमच्याच गाडीने ओढून आणला जातो.

"शेठले नको सांगू," ती म्हणाली. "एवढा हंगाम. मले फक्त एवढा हंगाम दे."

१५ नोव्हेंबर

गोंदियाला कानाच्या डॉक्टरांकडे. नस गेली आहे, परत येणार नाही. यंत्र लावून दिले. यंत्र आवाज मोठा करते, शब्द स्पष्ट करत नाही. डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मला हे कळायला हवे होते. आईने ते एका प्रयोगात लावून पाहिले.

"पत्र्यावर धान ओतल्यावानी वाटते. सारं एकदम. त्यात बोलनं कोनतं, तबला कोनता?"

यंत्र डबीत, डबी बर्थखाली.

१९ नोव्हेंबर

उपाय सापडला. मंचाच्या पुढच्या कडेला दिव्यांची रांग असते. त्या रांगेत गाडीच्या इंडिकेटरचा एक छोटा पिवळा बल्ब बसवला, वरून टोपण, म्हणजे फक्त मंचावरून दिसेल. वायर मंचाखालून विंगेत, तिच्या टोकाला बटण, बटण उदारामकाकांच्या हातात. वीज गाडीच्या बॅटरीवरून, म्हणजे जनरेटर बंद पडला तरी दिवा चालेल. आईची पाळी आली की काका बटण दाबतात. वाक्य तिला पाठ आहेच. फक्त केव्हा, एवढेच हवे होते.

काका म्हणाले, "मले तं रेल्वेत नोकरी लागल्यावानी वाटते. हिरवी झेंडी दाखवाची, गाडी सोडाची."

आई कितीतरी वेळ तो बल्ब हातात घेऊन बसली. मग माझ्या गालाला हात लावला. मी वायर गुंडाळत होते.

३० नोव्हेंबर

रोज प्रयोग. एकही जागा चुकलेली नाही. विनोदी नट मध्ये पदरचे काहीही घालतो, तरी काका त्याचे संपेपर्यंत थांबतात आणि मगच दाबतात. टीना काल म्हणाली, "मावशी यंदा जास्तच भारी करून राहिली, ताई. मले तं तिच्यासमोर उभं राहाची भीती वाटते."

आता मी आईशी तोंड उघडून बोलते. जबडा दुखतो.

८ डिसेंबर

काल रात्रीचे लिहिते. क्रमाने लिहिते.

इटियाडोहच्या कालव्याजवळचे गाव. मोठी गर्दी. तिसरा अंक, मुलगा मेल्यावर आईचा आक्रोश, याच प्रवेशासाठी लोक तिला ओळखतात. मुलाचे डोके तिच्या मांडीवर, तिचे तोंड खाली. टीना सुनेच्या कामात बाजूला उभी.

इथे एक पद्धत आहे. गावातला कोणी खूश झाला की नाटक मध्येच थांबते. तो माणूस मंचावर येतो, माईक घेतो, नटाचे नाव, स्वतःचे नाव, घराण्याचे नाव सांगतो आणि बक्षीस देतो. तोवर सगळे नट आहेत त्या जागी गप्प उभे राहतात. मेलेला मेलेलाच पडून राहतो. बक्षीस झाले की पुढचे वाक्य. प्रेक्षकांना यात काही वावगे वाटत नाही. यापूर्वीची बक्षिसे आईला दिसली होती, कारण ती उभी असे, तिची नजर वर असे.

काल एक माणूस टीनाला बक्षीस द्यायला मंचाच्या कोपऱ्यातून वर आला. आईची पाठ तिकडे होती. सगळे गप्प झाले, ती विलाप करत राहिली. माणूस माईकवर बोलू लागला. उदारामकाका घाबरले. त्यांच्या हातात बटण होते, त्यांनी दाबले. त्यांना म्हणायचे होते, थांब. आईला दिवा दिसला. तिने पुढचे वाक्य घेतले. त्यांनी पुन्हा दाबले. तिने त्याच्या पुढचे घेतले. ते दाबत राहिले, भराभर, आणि तिला वाटले आपण मागे पडतो आहोत, म्हणून तिने वेग वाढवला. तो माणूस माईक धरून उभा, आपले नाव तिसऱ्यांदा सांगत, आणि ती त्याच्या पायाशी छाती बडवून धावत्या आवाजात रडत होती.

आधी कोणीतरी एक जण हसला. मग बायकांच्या बाजूला. मग सगळे.

हे मला काकांनी आणि टीनाने सांगितले. शेवटचे मी स्वतः पाहिले, कारण त्या प्रवेशात कधीच न येणारा आवाज आला म्हणून मी मंचाकडे गेले होते. आईने मान वर केली. समोर हजारभर माणसे तोंड उघडून हसत होती. तिला त्यातले काही ऐकू येत नव्हते. तिने बल्बकडे पाहिले. तो अजून लुकलुकत होता.

त्या दिव्याला एकच अर्थ होता: बोल. थांब म्हणायला मी काही ठेवले नव्हते. ट्रॉलीला ब्रेक दिला, साखळ्या दिल्या, चाकांखाली ओंडके दिले.

९ डिसेंबर

चुन्नीलालशेठ गाडीपाशी आले. माणूस वाईट नाही. पायरीवर बसले, टोपी गुडघ्यावर.

"बाईले आता आराम करू दे. तिचं काम टीना करन. सुनेसाठी वडशावरून पोरगी बोलावली आहे. गाडी मात्र होळीपर्यंत पायजे, ठरल्यापरमाने."

मी म्हटले, आई नाही तर गाडीही नाही.

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "पोरी, खरं सांगू? यंदा बाईले घेतलं तेच गाडीपायी. मागच्या हंगामातच लोक बोलून राहिले होते का बाई अटकते. मी नाई म्हटलं होतं तिले. मंग तिनंच सांगतलं, माही पोरगी गाडी बनवते, जनरेटर ओढते, मले ठेवा."

उन्हाळ्यात ती म्हणाली होती, गाडी असेल तर हंगाम आहे. मी त्याला झोपेची सोय समजले होते.

मी ट्रॉलीचा हुक सोडायला गेले. एक साखळी काढली. आई उतरून आली. तिने आमचे बोलणे खिडकीतून पाहिले असावे. माझ्या हातातली साखळी घेतली आणि पुन्हा अडकवली. ती छेदून लावायची असते हे तिला माहीत असेल, असे मला वाटले नव्हते.

"कंपनी मोडू नोको. साऱ्यांचं पोट आहे याच्यावर."

"आणि तू?"

"मी येतो ना संग. माहा बर्थ आहे."

२२ डिसेंबर

थंडी वाढली. नोंद करण्यासारखे थोडे.

आई आमच्याबरोबर फिरते. दुपारी गाडीत टीनाला स्वतःचे काम शिकवते. टीनाच्या ओठांकडे बघत, मांडीवर ताल धरत.

टीना म्हणाली, "मावशी, मी तुमचं काम मांगलं नोहोतं."

"मांगलं नोहोतं, पन भेटलं ना? मंग बरोबर कर. आन येताना पाय आदळत नोको येऊ. घरात मयत आहे, लगीन नाई."

प्रयोग सुरू झाला की आई बर्थवर पडते, दिवा लावत नाही. सकाळी मला विचारते, "तिसऱ्या अंकात टाळी कुठं पडली?" मी नाटक पाहत नाही, त्यामुळे सांगता येत नाही. पुन्हा दुसऱ्या दिवशी विचारते.

उदारामकाकांनी मिशी ठेवायला सुरुवात केली आहे. पांढरी येते आहे. आईच्या समोर येताना तोंडावर गमछा धरतात.

१२ जानेवारी

शंकरपटाचे, बैलांच्या शर्यतीचे गाव. दोन दिवस मुक्काम, म्हणून काम करता आले.

सकाळी आईच्या उशाकडचा प्लाय उघडला. फोम काढला. डॅम्पिंग शीट सहजी निघत नाही, तशी ती निघू नये म्हणूनच रोलरने दाबली होती. हॉट गनने गरम करून पट्टीने खरवडत गेले. खाली डिंकाचे काळे डाग राहिले, ते रॉकेलने पुसले. दुपारपर्यंत दोन हातभर पत्रा उघडा झाला.

मग गाडी उलटी नेऊन मंचाच्या मागे लावली. ट्रॉली सोडून पार बांधीच्या टोकाला ठेवली. मंचाची चौकट लोखंडी अँगलची असते. तिच्यापासून गाडीच्या हुकापर्यंत एक पाइप टाकला, दोन्हीकडे क्लॅम्पने करकचून आवळला. मध्ये रबर नाही, वॉशर नाही, काही नाही. एका चौकटीची थरथर दुसरीत जाऊ नये यासाठी मला पगार मिळत असे. उलटे काम त्याहून सोपे आहे.

चुन्नीलालशेठ बघून गेले. "हे कायले?"

मी सांगितले, गाडी हलू नये म्हणून.

प्रयोग सुरू झाल्यावर मी आत गेले आणि आईच्या पायाशी बसले. दाराचा दिवा लावला, माझ्या तोंडावर पडेल असा. तोंड उघडून म्हटले, हात ठेव. तिने तळहात पत्र्यावर ठेवला. आधी काहीच नाही. मग तिची बोटे जराशी वाकली.

"कोनतरी आलं."

मी थांबले.

"टीना आहे. पाय आदळते. सांगतलं होतं तिले."

पहिला अंक तिने असाच पाहिला. दुसराही. तबल्याला ती बोटांनी पत्र्यावर साथ देत होती. तिसऱ्या अंकात तिचे ओठ हलू लागले. आवाज न काढता सगळा आक्रोश, वाक्यामागून वाक्य. डोळे मिटलेले. मी नाटक कधी पाहत नसे. हे पाहिले.

मधेच तिचे ओठ थांबले. तळहात पत्र्यावर तसाच. तिने श्वास धरला होता. मंचावर कोणी हलत नव्हते. मी कान दिला तर बाहेर माईकवर कोणीतरी घराण्याचे नाव सांगत होता.

"बक्षीस," आई म्हणाली.

ती वाट बघत राहिली. मग पत्र्यात पाऊल उमटले असावे, कारण तिने जिथे सोडले होते तिथूनच पुढचे वाक्य घेतले.

पत्रा उघडा आहे, त्यामुळे गाडीत आता आवाज बराच वाढला असणार. मोजला नाही.